नऊ अक्षरांचा हक्क

ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मागताना भारतीय मुलाला पहिली गोष्ट सिद्ध करावी लागते ती ही, की तिथे जाऊन काम करण्याची त्याला मुळीच गरज नाही. लंडनमध्ये शिकायचं असेल तर जानेवारी २०२५ मध्ये ठरलेल्या महिना १,४८३ पौंडांच्या दराने नऊ महिन्यांचे १३,३४७ पौंड खात्यात दिसावे लागत होते, फी वेगळी. आणि पैसे नुसते दिसून भागत नाही, सलग २८ दिवस त्यांनी जागचं हलायचं नाही. त्या २८ दिवसांत नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत कितीतरी घरांत विलक्षण शांतता असते. एफडी मोडलेली असते, मामाने दिलेले पैसे बाबांच्या खात्यात येऊन बसलेले असतात, आणि त्या खात्यातून विजेचं बिल भरायचीही कुणाची छाती होत नाही. असा खाऊनपिऊन सुखी असल्याचा पुरावा देऊन मुलगा विमानात बसतो. उतरल्यावर खोलीचं भाडं कळतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात काम आहे का म्हणून विचारायला जातो. तिथे त्याला दुसरी गोष्ट सिद्ध करावी लागते, की आपल्याला काम करण्याचा हक्क आहे. कामाची गरज नसल्याचा पुरावा ज्या सरकारला दिला, कामाच्या हक्काचा पुरावा त्याच सरकारकडून आणायचा असतो. सरकारला यात काही विसंगत वाटत नाही. सरकारांना सहसा वाटत नाही.

खुद्द हक्काबद्दल तक्रार करायला जागा नाही. विद्यापीठात पदवीच्या किंवा त्यावरच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला नाव असेल, तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि सुट्टीत हवे तितके तास नोकरी करता येते. पदवीच्या खालचा अभ्यासक्रम असेल तर विसाचे दहा होतात. दुकानाच्या पाटीवर मावेल एवढाच हा नियम. घोडं अडतं ते पुढे. हक्क असणं वेगळं आणि तो दाखवता येणं वेगळं, आणि दाखवण्याची जी पद्धत ब्रिटनने बसवली आहे ती मुलाच्या सोयीसाठी नाही, इतकंच काय, सरकारला सत्य कळावं म्हणूनही नाही. ती आहे मालकाला दंड होऊ नये म्हणून. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. पुरावा भित्र्या माणसाच्या समाधानासाठी घेतला जाऊ लागला, की जे तपासायला हवं ते राहून जातं, आणि जे तपासलं नसतं तरी चाललं असतं त्याच्या दोन-दोन प्रती फाइलला लागतात.

पद्धत अशी आहे. मुलाने सरकारी संकेतस्थळावर आपलं खातं उघडायचं आणि तिथून नऊ अक्षर-आकड्यांचा एक शेअर कोड काढायचा. कामासाठीचा कोड ‘डब्ल्यू’ने सुरू होतो आणि घरभाड्यासाठीचा ‘आर’ने, त्यामुळे घाईत घरमालकाला नोकरीचा आणि मॅनेजरला घराचा कोड पाठवण्याचीही व्यवस्था झालेली आहे. कोड ९० दिवस चालतो. तो आणि आपली जन्मतारीख मॅनेजरला द्यायची. मॅनेजरने त्याच संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या दाराने आत शिरायचं, मुलाचं पान उघडायचं, त्यावरचा फोटो समोरच्या किंवा व्हिडिओ कॉलवरच्या चेहऱ्याशी ताडून पाहायचा, आणि त्या पानाची प्रत नोकरी असेपर्यंत व ती सुटल्यानंतर आणखी दोन वर्षं जपून ठेवायची. मुलाने आपल्याच फोनवर आपलंच पान उघडून मॅनेजरच्या नाकासमोर धरलं तर ते ग्राह्य नाही. म्हणजे माहिती सरकारकडे आहे, हवी आहे मालकाला, आणि मध्ये एक मुलगा उभा आहे ज्याला ती तोंडपाठ आहे, पण त्याच्या तोंडून ती कुणी ऐकायची नाही.

पूर्वी निदान हातात धरायला एक प्लास्टिकचं कार्ड होतं. एप्रिल २०२२ पासून कामाच्या तपासणीत ते चालेनासं झालं, आणि पुढे कितीतरी मुलांच्या कार्डांवर व्हिसा त्यापुढचा असूनही मुदत ३१ डिसेंबर २०२४ अशी छापलेली होती. कार्ड संपलं, व्हिसा जिवंत, आणि हे पटवून द्यायची जबाबदारी कार्डवाल्याची. आता ई-व्हिसा आहे, जो खिशात नसतो, पाकिटात नसतो, चोरीला जात नाही आणि दाखवताही येत नाही. आपल्याकडचा मुलगा या बाबतीत फार चुकीच्या तयारीने जातो. दहावीपासून डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला आणि गॅप सर्टिफिकेट यांच्या तीन-तीन झेरॉक्स, त्याही साक्षांकित, अशी जाडजूड फाइल तो हातसामानातून नेतो, कारण ती लगेजमध्ये टाकायला आई देत नाही. त्या फाइलला तिथे कुणी हात लावत नाही. लोकांचा कागदावरचा विश्वास उडाला आहे, असं मात्र समजू नये. नऊ अक्षरांचा कोड झाल्यावर मॅनेजर आणखी एक गोष्ट मागतो, आणि ती असते सत्राच्या तारखांचं पत्र.

हे पत्र म्हणजे या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे. सरकारी पानावर मुलाचा फोटो असतो, व्हिसाची मुदत असते, सत्रात २० तास अशी अटही असते. सत्र कधी, एवढंच नसतं. ते विद्यापीठाला माहीत. म्हणून मालकाने सत्राच्या आणि सुट्टीच्या तारखांचा पुरावाही घेऊन ठेवायचा, विद्यापीठाच्या संकेतस्थळाचं छापील पान, नाहीतर विद्यापीठाचं पत्र. मग मुलगा विद्यापीठाच्या कार्यालयात अर्ज करतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तसाच अर्ज सगळ्यांनी केलेला असतो. सरकारला व्हिसा देताना अभ्यासक्रम कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे विद्यापीठानेच कळवलेलं असतं. मधल्या नाताळच्या सुट्टीपुरते मात्र दोघं पुन्हा अनोळखी झालेले असतात.

मॅनेजर असा का वागतो, हे समजून घ्यायला हवं, कारण तो स्वभावाने दुष्ट नसतो. १९९६ च्या कायद्याने जानेवारी १९९७ पासून परदेशी माणसाची कागदपत्रं पाहणं मालकाच्या गळ्यात घातलं. २००६ च्या कायद्याखाली २००८ पासून त्याला दिवाणी दंडाची जोड मिळाली, एका बेकायदा कामगारामागे १०,००० पौंडांपर्यंत. २०१४ मध्ये ते २०,००० झाले. फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या चुकीला ४५,००० आणि पुन्हा चुकल्यास ६०,००० पौंडांपर्यंत. एप्रिल २०२५ पासून तिथलं २१ वर्षांवरच्या माणसाचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. त्या दराने आठवड्याला २० तास काम करणाऱ्या मुलाला ४५,००० पौंड मिळवायला साडेतीन वर्षं लागतील, एवढ्यात त्याचं पदवीशिक्षण संपून दीक्षान्त समारंभाचे फोटोही जुने होतील. यातून सुटण्याचा मालकाला एकच मार्ग कायद्याने ठेवला आहे. नेमून दिलेली तपासणी, नेमून दिलेल्या रीतीने, कामाच्या पहिल्या दिवसाआधी केलेली असली, तर नंतर मुलगा बेकायदा निघाला तरी दंड नाही. तेव्हा मॅनेजरच्या मनातला प्रश्न ‘या पोराला काम करता येतं का’ असा राहत नाही. ‘उद्या भानगड निघाली तर माझ्या फाइलीत काय आहे’ असा होतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर असतं. दुसऱ्याला फक्त आणखी कागद असतात.

आता शेजारच्या मुलाची फाइल पाहू. ब्रिटिश नागरिकाचा पासपोर्ट या तपासणीत मुदत संपलेला असला तरी चालतो. यामागचं तर्कशास्त्र बिनचूक आहे, पासपोर्टची मुदत संपते, नागरिकत्वाची संपत नाही. मला त्यात काहीच चूक दिसत नाही. पण टेबलावर एका बाजूला सात वर्षांपूर्वी मेलेला पासपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला कोड, फोटोची पडताळणी, तारखांचं पत्र आणि व्हिसा संपण्याआधी फेरतपासणीची कॅलेंडरवरची नोंद असं सगळं आलं, की कॉफी कोण चांगली करतो हा विषय मागे पडतो. भेदभाव करू नका, सर्वांना सारखंच तपासा, अशी सरकारची आचारसंहिता आहे आणि ती चांगली आहे. पण ज्याला मुलाखतीलाच बोलावलं नाही त्याला ती लागू करणार कशी? घरभाड्याच्या बाबतीत हीच रचना न्यायालयात गेली होती. घरमालक दंडाच्या धास्तीने ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्यांना टाळतात, हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलं. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही या योजनेमुळे भेदभाव होतो हे मान्य केलं, आणि तरीही ती समर्थनीय आहे असं ठरवून कायम ठेवली. नोकरीचा निकाल तो नव्हे, पण धास्तीचा स्वभाव घर आणि दुकान असा बदलत नाही.

गोव्याच्या माणसाला हा प्रकार अधिक बारकाईने कळेल. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या आधारे ज्या घराने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि युरोपीय नागरिकांना ब्रिटनचं दार उघडं होतं तोवर, २०२० संपायच्या आत, इंग्लंडमधलं स्विंडन गाठलं, त्या घरातल्या तरुणाला सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, मिळून तो दिवसाचे चोवीस तास काम करायला मोकळा आहे. त्याचाच शेजारी भारतीय पासपोर्टवर तिथे एम.एस्सी. करायला आला, तर विसाव्या तासाला त्याने ॲप्रन उतरवायचा. दोघं एकाच वाड्यावरचे, एकाच फेस्ताला जेवलेले, एकाच स्वयंपाकघरात भांडी घासणारे. कोड दोघांचाही डब्ल्यूनेच सुरू होतो.

एवढ्या तपासणीनंतर काय तपासलं जातं? ओळख, फोटो, मुदत, तारखा. कायद्याला ज्याची खरी काळजी आहे ते २० तास मात्र कुणी मोजत नाही, म्हणजे मोजायची योजनाच नाही. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो, आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात १५ आणि पुढच्यात २५ झाले तर शाळेच्या गणितात उत्तर २० येतं, गृहखात्याच्या गणितात गुन्हा येतो. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र धरायचे, पण कॉफीवाल्याला ग्रंथालयातले तास दिसत नाहीत आणि ग्रंथालयाला कॉफीवाल्याचे. दोघांच्याही फाइली आपापल्या परीने परिपूर्ण असतात. मोजणारा एकच, तो मुलगा, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप मांडला होता.

शिवाय काम कशाला म्हणायचं याच्याही खोड्या आहेत. पगार घेतला नाही म्हणजे काम नाही, असं नाही. बिनपगारी पण करारासारखी बांधिलकी असलेलं सेवाकार्य विसात धरलं जातं. मनात आलं तर गेलो आणि नाही आलं तर नाही गेलो, अशी स्वयंसेवा धरली जात नाही. म्हणजे धर्मादाय दुकानात फुकट राबणाऱ्या मुलाने सज्जनपणाने दर शनिवारी वेळेवर येण्याचं लिहून दिलं तर तास मोजले जातात, आणि बेभरवशाचा राहिला तर मोजले जात नाहीत. स्वतःचा धंदा करायचा नाही, मग तो आठवड्यात एक तासाचा असला तरी, त्यामुळे सायकलवरून जेवणाचे डबे पोचवणाऱ्या ॲपवर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून नाव घालता येत नाही. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक व्हायचं नाही. कलाकार म्हणून काम करायचं नाही. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हौसेने ढोल बडवला तर त्याला कुणी हरकत घेणार नाही, पण तोच ढोल ऐकून एखाद्या लग्नघराने सुपारी दिली, तर मुलगा एका टिपऱ्यात स्वतंत्र धंदेवाला आणि कलाकार असा दोन्ही होतो. या सगळ्या अटींपैकी एकही फोटोची पडताळणी करून समजत नाही.

सुट्टी हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. बी.ए.च्या मुलाचा उन्हाळा सुट्टीत येतो, त्याने जून ते सप्टेंबर वाटेल तितकं काम करावं. आपल्याकडची बहुतेक मुलं जातात एका वर्षाच्या एम.एस्सी.ला, आणि त्यांचा उन्हाळा प्रबंध लिहिण्याचा असतो. वर्ग बंद, प्राध्यापक इटलीत, वसतिगृहात शुकशुकाट, कँटीनला कुलूप, तरी कायद्याने ते सत्र. पीएच.डी.वाल्याला तर बाराही महिने सत्रच, मार्गदर्शकाने मंजूर केलेली रजा तेवढी सुट्टी. यात तत्त्व काहीच चूक नाही, प्रबंध हाही अभ्यास आहे. पण विद्यापीठाचं छापील पान पाहणाऱ्या मॅनेजरला तिथे ‘उन्हाळी सुट्टी’ असे शब्द दिसतात. ते पदवीच्या मुलांसाठी असतात. प्रामाणिक मॅनेजरने प्रामाणिक मुलाला ४० तासांची पाळी लावावी, आणि दोघांनी प्रामाणिकपणे कायदा मोडावा, एवढी सोय त्या एका पानात आहे. यात मुलाचं काय होतं हेही सांगायला हवं. २०१६ च्या कायद्यापासून बेकायदा काम हा काम करणाऱ्याचाही फौजदारी गुन्हा आहे, आणि मिळालेला पगार गुन्ह्यातली कमाई म्हणून जप्त होऊ शकतो. मालकाकडे बचावाची फाइल असते. तशी फाइल मुलाला कुणी देत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की उगाच बाऊ करता, कोड काढायला पाच मिनिटं लागतात. खरं आहे, सगळं सुरळीत असेल तर पाचसुद्धा लागत नाहीत. आपल्याकडे निवृत्त माणूस दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, त्यालाही बँकेत फार वेळ लागत नाही. अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेनासा झाला, की मग माणूस समोर खुर्चीत बसून खोकत असला तरी त्याची हयाती संशयास्पद होते. पुराव्याची पद्धत सुरळीत माणसावर जोखायची नसते, अडलेल्यावर जोखायची असते. आणि विद्यार्थी नेमका कधी अडतो? अभ्यासक्रम संपलेला असतो, त्याने पुढच्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी मुदतीत अर्ज केलेला असतो, निर्णय यायचा असतो, आणि तेवढ्यात जुन्या व्हिसाची तारीख उलटते. कायदा म्हणतो, निर्णय होईपर्यंत तुझे जुने हक्क शाबूत. म्हणजे आडात आहे, पण पोहऱ्यात दिसत नाही. अशा वेळी मालकाने सरकारच्या खास चौकशी-सेवेला विचारायचं, आणि सरकारने मालकाला होकारार्थी पडताळणीचं पत्र पाठवायचं, जे सहा महिने चालतं. पत्र मुलाबद्दल असतं, जातं मालकाकडे. मालकाला चौकशीचा कंटाळा आला तर त्याने काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि कंटाळलेला मालक काय करतो हे लिहायची गरज नाही. अशा वाट पाहणाऱ्यांना लगेच डिजिटल पुरावा न देणं बेकायदेशीर आहे, असं लंडनच्या उच्च न्यायालयाला जून २०२४ मध्ये सांगावं लागलं.

आणि हे प्रकरण फक्त परक्यांपुरतं आहे असंही नाही. १९७३ च्या आधी कॅरिबियन बेटांवरून लहानपणी आलेल्या कितीतरी माणसांना ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा पूर्ण हक्क होता. त्यांनी चाळीस-चाळीस वर्षं नोकऱ्या केल्या, कर भरले. मग मालक कागद मागू लागले. विंडरश प्रकरण म्हणून हे २०१८ मध्ये बाहेर आलं तेव्हा नोकऱ्या गेलेल्या होत्या, काही माणसं देशाबाहेर काढली गेली होती, आणि ज्यांतून काही सिद्ध झालं असतं ती बंदरावर उतरल्याची जुनी कार्डं गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या देशात स्वतःच्या घरच्यांना हक्क असून पुरावा मिळाला नाही, तिथे वर्षभरासाठी आलेल्या पाहुण्याने फार मनाला लावून घेऊ नये हे खरं. पण पद्धतीची बाजू त्याने बळकट होत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ही तपासणी नसेल तर मुलांची पिळवणूक होईल, विद्यार्थी व्हिसाच्या नावाखाली आठवड्याला ६० तास राबवणारे दुकानदार मोकाट सुटतील. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, असे दुकानदार आहेत. पण ते शेअर कोड मागत नाहीत. ज्याला रोखीत, कमी दराने, बिनपावतीचं काम करून घ्यायचं आहे त्याच्याकडे फाइलच नसते, आणि कोड-पत्र-फोटो यांचा सगळा भार पडतो तो जो मालक मुळातच पगारपत्रक देतो, कर कापतो आणि मुलाला आजारपणाची सुट्टी देतो त्याच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्याशाकडून आधी दोरीची प्रतही मागून घेतात. उलट कायदेशीर काम मिळवणं जितकं किचकट, तितका तो रोखीवाला दुकानदार प्रेमळ वाटू लागतो. त्याच्याकडे नऊ अक्षरं लागत नाहीत, नाव सांगितलं तरी पुरतं. धाडी घालाव्यात, दंड जबर असावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. धाड घालायला माणसं लागतात आणि कोड मागायला लागत नाहीत, हे मात्र एका सरकारी हिशेबाचं उत्तर असू शकतं, पिळवणुकीचं नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे सगळेच देश असं करतात. करतात, पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. ब्रिटनच्या मते आठवड्याला २० तासांनंतर अभ्यास बिघडतो. कॅनडाच्या मते नोव्हेंबर २०२४ पासून विद्यापीठाबाहेरचं काम २४ तासांपर्यंत सोसतं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास ठरवले, म्हणजे एक आठवडा गाढवासारखं राबून दुसऱ्यात परीक्षा देता येते, आणि सरासरीचं गणित तिथे गुन्हा नाही. जर्मनी २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस देते. एकाच वयाची, एकाच बुद्धीची, बहुधा एकाच गल्लीतली मुलं या चार देशांत जातात, आणि त्यांचा अभ्यास चार वेगवेगळ्या तासाला बिघडतो. आपलं स्वतःचं काय, असंही कुणी विचारील. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलाला विद्यार्थी व्हिसावर नोकरी करायची परवानगीच नाही. हक्क नाही, त्यामुळे तो सिद्ध करण्याची कटकट नाही. सोपेपणात आपल्याला कुणी मागे टाकू शकणार नाही, तेव्हा उपदेश करताना आवाज बेताचाच ठेवावा हे मला मान्य आहे.

‘सीमा आहेत तर तपासणी असणारच’ हेही मान्य. फक्त ती अनादि काळापासून आहे असं समजू नये. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते ते ब्रिटिश प्रजाजन म्हणून, आणि साम्राज्य गेल्यावरही राष्ट्रकुलातल्या नागरिकांच्या प्रवेशावर बंधनं आली ती १९६२ च्या कायद्याने. दुकानदाराला तपासनीस केलं ते त्यानंतर आणखी ३५ वर्षांनी. त्यामुळे ही रचना बदलली तर आकाश कोसळेल असं मानायचं कारण नाही, आणि बदलायला क्रांतीही नको. आयर्लंड शेजारीच आहे. तिथेही सत्रात आठवड्याला २० तास आणि सुट्टीत ४०, पण सुट्टी कुठली हे विद्यापीठावर सोडलेलं नाही. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी, सगळ्यांना सारखं. डब्लिनच्या कॉफीवाल्याला सुट्टी कधी हे विद्यापीठाला विचारावं लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

ब्रिटिश अधिकारी यावर म्हणतील, की आमच्याकडे कुणाचं सत्र सप्टेंबरात सुरू होतं, कुणाचं जानेवारीत, अशा ठोक तारखांनी काही मुलं ऐन सत्रात ४० तास काम करतील. करतील, आणि काहींना खऱ्या सुट्टीत २० वर थांबावं लागेल. तेवढं नुकसान मी पत्करीन. सगळ्यांना आधीपासून पाठ असलेली थोडी चुकीची तारीख, ही एकट्या विद्यापीठाला माहीत असलेल्या आणि पत्राने मागवाव्या लागणाऱ्या अचूक तारखेपेक्षा परवडते. ती सरकारी पानावर मुलाच्या फोटोखाली आपोआप छापता येईल, पत्राचा टप्पाच गळेल, आणि एम.एस्सी.च्या मुलाला उन्हाळ्यात नकळत गुन्हेगार होता येणार नाही. त्याने जून महिन्यात प्रबंध लिहिला की नुसतीच कॉफी गाळली, हे त्याच्या मार्गदर्शकाला पहिलं प्रकरण वाचल्यावर कळतंच. मार्गदर्शकाकडे ४५,००० पौंडांच्या दंडाची तरतूद नसली, तरी नापास करण्याची आहे.